निळा कार्बन

रंगावर जाऊ नका. मी निळा दिसतो खरा, पण मी कार्बन आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत रेणूंची एक पेटी असते ना, त्यातला लाकडी गोळा बोलतोय. लिंबाएवढा आहे, अंगाला चार भोकं आहेत, आणि सध्या फार दमलोय म्हणून जरा सावकाश बोलेन. घाई असेल त्याने हायड्रोजनकडे जावं. त्याला एकच भोक, त्याचं सगळं चटकन आटपतं.

माझा जन्म शाळांचं सामान बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. लेथवर गरागरा फिरवून मला गोल केलं. मग मी भोकं पाडणाऱ्या बाईच्या हाती गेलो. ती एकेका गोळ्याला लोखंडी साच्यात घट्ट बसवायची, एक भोक पाडायची, साचा फिरवायची, दुसरं पाडायची. चारही भोकं एकमेकांपासून सारखी लांब हवीत, यावर तिचा फार कटाक्ष. "चार बहिणी आहेत रे," ती स्वतःशीच पुटपुटायची, "एकीला जवळ, एकीला लांब केलं की घरात भांडणं." त्या बाईला रसायनशास्त्र येत होतं असं मला वाटत नाही, पण मला माझ्याबद्दल जे काही कळलं ते तिच्याकडूनच कळलं.

नंतर मला काळ्या रंगात बुडवलं. माझ्यासकट सहा काळे, तांबडे ऑक्सिजन दोन भोकांचे, हिरवे क्लोरीन आणि पिटुकले पांढरे हायड्रोजन एकेका भोकाचे, आणि एकुलता एक निळा नायट्रोजन तीन भोकांचा. बरोबर लाकडी काड्या आणि दुहेरी बंधासाठी स्प्रिंगा. काडी या भोकातून त्या भोकात घातली की झाला बंध.

खरं सांगू? काडी हे थोतांड आहे. खऱ्या अणूंच्या मध्ये काडी नसते, खुंटी नसते, काही नसतं. रसायनाच्या बाई दर वर्षी पहिल्या तासाला हे सांगतात आणि मुलं दर वर्षी विसरतात. बाई म्हणतात, "कार्बनच्या बाहेरच्या घरात चार इलेक्ट्रॉन. स्थिर व्हायला हवेत आठ. चार कुणाला देऊन टाकणं परवडत नाही, चार कुणाकडून ओढून घेणं जमत नाही. मग काय करायचं? वाटून घ्यायचं! तुझा एक, माझा एक, जोडी दोघांची." याला म्हणायचं सहसंयुज बंध. मिठाचं प्रकरण वेगळं. सोडियमकडे एक जास्तीचा, क्लोरीनला एक कमी. सोडियम देऊन मोकळा होतो, क्लोरीन घेतो. मग एक धन, एक ऋण, आणि एकमेकांना सोडता सोडत नाहीत. ते आमच्या पेटीला दाखवता येत नाही. देण्याघेण्याला काडी कुठे लावणार?

मुलांना असल्या गोष्टींशी देणंघेणं नसतं. त्यांच्या हाती पेटी लागली की आधी कुत्रा बनतो, मग माणूस, मग त्या माणसाला नको तिथे काडी. पाण्याच्या रेणूला सगळ्या मुलांनी उंदीर म्हटलंय, एकजात सगळ्यांनी. मला जोडलं, उपटलं, परत जोडलं. किती वेळा ते कोण मोजतंय? उपटताना काडी जरा पिळून ओढायची असते, पण कोणी पिळत नाही. सगळे हिसडा देतात. माझी भोकं त्यामुळेच सैल झालीत.

आम्हाला नीट हाताळणारा माणूस एकच, प्रयोगशाळेतले काका. बाटल्या पुसायच्या, नळ्या धुवायच्या, बर्नर लावायचे, ही त्यांची कामं. दर वर्षाच्या शेवटी ते आम्हाला ओल्या फडक्याने पुसून खिडकीत वाळत ठेवायचे. स्वतःशी बोलायची त्यांनाही सवय होती. "चला, अंघोळी झाल्या का सगळ्यांच्या?" असं विचारायचे. आणि खरंच थांबायचे हो उत्तरासाठी!

त्यांच्या हातूनच तो घोटाळा झाला. त्या वर्षी काकांच्या हातून आधीच दोन काचेच्या नळ्या फुटल्या होत्या. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कडक. त्यांनी बजावलं, "आता आणखी एक वस्तू गेली तर तुमची बदली फाटकावर." काकांनी मान डोलावली. आठवडाभराने आम्ही खिडकीत वाळत पडलेलो असताना वाऱ्याने पडदा उडाला, नायट्रोजनला लागला आणि तो खाली गेला. खाली शाळेची गाडी मागे येत होती. काका धावत गेले आणि मुठीत चार निळ्या चिपा घेऊन आले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांना पोटात गोळा आला म्हणावं, तर मी स्वतःच गोळा. मला त्यातलं काय कळणार?

पण पुढे काय होणार ते कळलं. त्यांनी आम्हा सहा काळ्यांकडे पाहिलं. सहाचे पाच झाले तर कोणाच्या लक्षात येणार? निळा मात्र एकच होता. त्यांनी मलाच उचललं. मलाच का, देव जाणे. माझ्या एका भोकात लाकडाची लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, ठासून भरली, वाळल्यावर काचकागदाने घासली आणि खिडक्यांसाठी आणलेल्या रंगातला निळा दोनदा फासला. "माफ कर रे बाबा," म्हणाले. माझं चौथं भोक बंद झालं आणि मी नायट्रोजन झालो.

नऊ वर्षं. नऊ वर्षं मी अमोनिया होतो. तीन हायड्रोजन लावायचे, बाईंनी काडीला धरून मला वर्गासमोर उंच करायचं, "आणि ही नायट्रोजनकडे उरलेली इलेक्ट्रॉनची जोडी, ही कोणाशी वाटलेली नाही," असं म्हणत बोटाने हवेत दाखवायचं. जिथे बोट जायचं, तिथेच माझं बुजवलेलं भोक! मला हसू यायचं आणि रडूही यायचं. जो हात पुढे करायचा तोच बांधून ठेवलेला, आणि सगळे म्हणतायत की तुला तो नाहीच. पहिली दोन वर्षं चिडचिड झाली. मग तीही गेली. आपण जे नाही ते होऊन बसण्याचं एवढंच असतं, सवय होते आणि अंग जड होतं.

काकांचंही तसंच झालं असावं. अमोनियाचा तास आला की ते मागच्या खोलीत जाऊन नळ सोडून बसायचे. पेटी पुसताना मला सगळ्यात शेवटी उचलायचे आणि माझ्याकडे न बघता पुसायचे. आता निवृत्तीला त्यांचं एकच वर्ष राहिलं होतं. उगाच कशाला बोलायचं, असा हिशेब.

आणि मग टाचणी आली.

टाचणी हे तिच्या आईने ठेवलेलं नाव. आई शिवणकाम करते आणि पोरगी बोलायला टोचरी, म्हणून टाचणी. पोरीला जन्मापासून दिसत नाही. दहावीला चांगले गुण मिळाले आणि तिने अर्जावर विज्ञान शाखा लिहिली. मोठ्या बाईंनी दोघींना बोलावलं, ते नेमकं प्रयोगशाळेतच. आई कामावरून तशीच आली होती, गळ्यात मोजपट्टी लटकत होती. काढायची विसरली आणि नंतर लक्षात आल्यावर हातात गुंडाळत बसली.

"हुशार आहे हो तुमची मुलगी," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण तिला इतिहास घेऊ दे, संगीत घेऊ दे. इथे अ‍ॅसिड असतं, जाळ असतो. उद्या काही झालं तर कोणाला विचारणार?"

"घरी इस्त्री असते, कात्री असते, सुया तर अंथरुणातही सापडतात," टाचणी म्हणाली. "अजून दहाच्या दहा बोटं आहेत माझी. मोजा हवं तर."

"टाचणे!" आई दटावून म्हणाली.

"काय टाचणे? खरंच तर सांगतेय."

रसायनाच्या बाई तशा भिडस्त. तरी त्यांनी मध्येच म्हटलं, "मोठ्या बाई, एक तास द्या मला. मी पेटीवर तिची परीक्षा घेते. जमलं तर घेऊ, नाही तर तिला दुसरी शाखा." मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि अर्ज पुढ्यात ठेवून पेन उघडलं. टाचणीचं विज्ञान त्या पेनाच्या टोकावर होतं, हे मला पेटीतून दिसत होतं. काका दाराशी फडकं घेऊन उभे होते.

बाईंनी पेटी तिच्यापुढे सरकवली. टाचणीने काय केलं असेल? घाई नाही, घाबरणं नाही. तिने आम्हाला एकेक करून हातात घेतलं आणि बोटाच्या टोकाने भोकं मोजली. ज्याने आम्हाला हिसडाच दिलेला असतो त्याला कळणार नाही, पण असं कोणी मोजून बघितलं की बरं वाटतं. भोकांच्या संख्येनुसार तिने टेबलावर ढीग केले.

"तुला कसं गं माहीत?" बाईंनी विचारलं.

"बटणं," ती म्हणाली. "दादाने पुस्तक वाचून दाखवलं आणि मी आईच्या डब्यातल्या बटणांवर शिकले. चार भोकांचं कार्बन, दोनाचं ऑक्सिजन, मागे कडी असलेलं हायड्रोजन. दोऱ्याने बांधायचं."

"माझ्या शर्टांचं रसायन करून टाकलंय हिने," आई म्हणाली. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

"पाणी कर," बाई म्हणाल्या. झालं. "मिथेन." माझ्या एका काळ्या भावाला चार हायड्रोजन. झालं. "कार्बन डायऑक्साइड." टाचणीने स्प्रिंगा चाचपल्या, दोन्हीकडे दोन दोन लावल्या आणि बोटाने कार्बनची चारही भोकं भरल्याची खात्री करून घेतली. बाईंचा चेहरा फुलला. "आता अमोनिया."

टाचणीने मला उचललं. तीन भोकं मोजली. मग तिचं बोट चौथ्या जागेकडे गेलं आणि थांबलं. तिने नखाने तिथे हळूच खरवडलं. नऊ वर्षांत तिथे कोणाचं बोट आलं नव्हतं. तिने पुन्हा मोजलं, अंतरं पाहिली, आणि मला खाली ठेवून दिलं, कार्बनच्या ढिगात.

"बाई, यात नायट्रोजन नाहीये."

मोठ्या बाई म्हणाल्या, "हेच मी सांगत होते. निळा गोळा हातात होता हिच्या, आणि ठेवून दिला. हिची चूक नाही, पण जे दिसत नाही ते दिसत नाही. हळहळ वाटते मला." आणि पेन अर्जावर टेकलं.

"निळा?" टाचणी म्हणाली. "बाई, खरा नायट्रोजन निळा असतो का?"

रसायनाच्या बाई हळूच म्हणाल्या, "नाही. त्याला रंगच नसतो."

"मग रंग दिसला नाही म्हणून माझं काय चुकलं? भोकं चार आहेत त्याला. एक बुजवलंय. आम्हीही घरी असंच केलं होतं, तीन भोकांचं बटण कुठे मिळतं? चाराचं घेतलं आणि एकात मेण भरलं. पण आम्हाला माहीत असायचं, की हे मेण आहे."

"शाळेच्या सामानाला नावं ठेवू नकोस," मोठ्या बाईंचा आवाज चढला. "बाई, तुम्ही सांगा, हा नायट्रोजन आहे की नाही?"

"मी... इतकी वर्षं हाच दाखवतेय," बाई म्हणाल्या. बिचाऱ्यांनी मला कायम काडीला धरून उचललेलं. मला कधी हातात घेतलंच नव्हतं.

टाचणीच्या कपाळावर घाम आला होता. टोचरी होती तरी शेवटी सोळा वर्षांची. तिने मला परत उचललं, पुन्हा चौथ्या जागेवर बोट ठेवलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "आई, चुकतेय का गं मी?" आईला त्यातलं काय माहीत? आईने मोजपट्टी इतकी घट्ट गुंडाळली की बोटं पांढरी पडली. मी आतल्या आत ओरडत होतो, अगं नाही, नाही चुकत तू! पण लाकडाचा आवाज कोणाला ऐकू जातो? ज्याला ठाऊक होतं असा त्या खोलीत माझ्याखेरीज एकच जण होता आणि तो दाराशी फडकं पिळत उभा होता. कोरडं फडकं.

मी काकांकडे बघत राहिलो. त्यांची प्रयोगशाळा, त्यांच्या बाटल्या, त्यांचं एकच राहिलेलं वर्ष. ते मागच्या खोलीत गेले. नळ सोडतील, मला वाटलं. गेली नऊ वर्षं तेच केलं होतं. पण नळाचा आवाज आला नाही. ते बुचांना भोकं पाडायचा टोच्या घेऊन परत आले आणि टाचणीपुढे उभे राहिले.

"दे इकडे, पोरी," म्हणाले.

त्यांनी मला टेबलावर दाबून धरलं आणि टोच्या चौथ्या जागेवर लावला. निळा रंग उडाला, मग लांबीचे तुकडे, मग खालचं जुनं लाकूड. दुखलं का? दुखलं असेल. मला तेव्हा फक्त वारा लागल्याचं आठवतंय. काकांनी फुंकर मारून भुसा उडवला आणि मला तिच्या हातात दिलं.

"कार्बनच आहे," ते म्हणाले. "नायट्रोजन माझ्या हातून गेला. हा मी रंगवला. पोरगी बरोबर बोलतेय, मोठ्या बाई. नऊ वर्षांत एवढ्या मुलांनी हातात घेतला, कोणाला कळलं नाही."

"मलाही नाही," रसायनाच्या बाई म्हणाल्या. "मी आजवर एकदाही मोजलं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते.

मोठ्या बाईंनी अर्ज पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी सही केली. टाचणीला विज्ञान मिळालं. आईच्या हातून मोजपट्टी सुटली आणि भरभर उलगडत टेबलाखाली गेली. दोघी मायलेकी ती शोधायला एकदमच वाकल्या आणि त्यांची डोकी आपटली. दोघी हसत होत्या की रडत होत्या, मला नीट कळलं नाही.

पेन बंद करता करता मोठ्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही उद्यापासून फाटकावर." त्यांनी शब्द दिला होता आणि त्या शब्दाच्या पक्क्या. काका "बरं" म्हणाले. फडकं घडी करून नळाच्या कडेला ठेवलं आणि गेले.

त्याला आता वर्ष होत आलं. पेटीला नवा नायट्रोजन मिळाला नाही, अर्ज गेलाय म्हणतात. मी पुन्हा कार्बन आहे, निळा कार्बन. नवीन मुलं हसतात. बाई तास सुरू करायच्या आधी डोळे मिटून प्रत्येक गोळा चाचपतात. माझं चौथं भोक मात्र टोच्याने वेडंवाकडं झालंय. त्यात काडी धड बसत नाही, हलत राहते. टाचणी तिथे काडीला दोऱ्याचे दोन वेढे देते आणि मगच घालते. शिंपिणीची पोर ती.

आज तिने माझं मिथेन केलं. चारही हातांना हायड्रोजन. तेवढ्यात सूचनेची वही फिरवत काका वर्गात आले. बाई सूचना वाचू लागल्या, काका टाचणीच्या टेबलापाशी उभे राहिले. थकलेत हो फार. उन्हात उभं राहून काळे पडलेत. उद्या त्यांचा शेवटचा दिवस आहे, सूचना त्याचीच होती.

"काय गं," ते हळूच म्हणाले, "सगळा जन्म यांना पुसण्यात गेला. कधी विचारलं नाही कोणाला. हे एकमेकांना धरतात तरी कशाला?"

"एकेकटे असतात ना काका, तेव्हा त्यांची ऊर्जा जास्त असते," टाचणी म्हणाली. "जवळ आले, इलेक्ट्रॉन वाटून घेतले, की दोघांची मिळून ऊर्जा कमी होते. उरलेली बाहेर पडते, उष्णता होऊन जाते. परत सोडवायचं तर तेवढीच बाहेरून घालावी लागते. वर्गात सगळे उलटं लिहितात. त्यांना वाटतं तोडलं की ऊर्जा मिळते."

"नाही मिळत?"

"तोडायला लागते, काका. मिळते ती जोडताना."

काकांनी मान हलवली. तिला दिसणार नाही हे लक्षात येऊन मग "हं" म्हणाले. तेवढ्यात घंटा झाली. "मॉडेलं सोडवा, पेटीत ठेवा," बाईंनी सांगितलं, आणि टाचणीने माझी पहिली काडी पकडली. पिळूनच, नीट.

काकांनी तिच्या हातावर हात ठेवला. "याला राहू दे गं आजचा दिवस," म्हणाले. "इतक्या वर्षांनी टेकलाय."

तिने काडी सोडली. काका वही घेऊन पुढच्या वर्गात गेले.

म्हणून मी आज खिडकीशी टेबलावर आहे, चौघांना धरून. बरं वाटतंय. पेटी लावायला कोणी ना कोणी येईलच, आणि त्याला वाटेल एक मॉडेल चुकून बाहेर राहिलंय. तुम्ही जवळपास असाल तर एवढं कराल का? पेटी खुशाल बंद करा म्हणावं. मला बाहेरच राहू द्या.